चार फुटी पेटी

जावई परवा बजाजनगरहून आला आणि आल्या आल्या त्यानं मोबाईल माझ्यापुढं धरला. गावाकडच्या शेतासाठी त्यानं छोटा ट्रॅक्टर घेतलाय. आता त्याच्यामागं लावायला सपाटीची पेटी पाहिजे. मोबाईलमध्ये दहा-बारा पेट्यांचे फोटो होते, लाल, निळ्या, हिरव्या, सगळ्या कोऱ्या करकरीत. म्हणाला, "आप्पा, तुम्हीच सांगा. कोणती घेऊ?"

मी विचारलं, "उतार कोणत्या अंगाला आहे?"

"उताराचं काय? मी पेटीचं विचारतोय."

"पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते आधी सांग. मग पेटी सांगतो."

आतून पोरगी म्हणाली, "झालं. आप्पांच्या अंगात मिस्त्री आले."

खोटं नव्हतं ते. शब्द माझे नव्हतेच, मिस्त्रींचे होते. मिस्त्रींना जाऊन आता दीड वर्ष होईल.

ज्यांनी अशी पेटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझा बाप बैलांच्या मागं लाकडी केणी ओढायचा, वावर सपाट करायला. तीच केणी आता लोखंडाची झाली. मागं आणि दोन्ही बाजूंना पत्रा, पुढून आणि खालून उघडी, मागच्या पत्र्याला खाली धारेचं पातं आणि पुढं एका ओळीत दात. ट्रॅक्टरच्या मागं हायड्रोलिकला अडकवायची आणि ओढायची. दात जमीन उकरतात, पातं उंचवटा खरवडतं, माती पेटीत भरत जाते आणि खड्डा आला की आपोआप खाली सुटते. बघायला सोपं. पण पेटी निवडायला चुकलात तर तीच पेटी चांगली वाट नासवून टाकते. हे मी ऐकीव सांगत नाही, नासवून बसलोय.

मिस्त्रींचं दुकान खुलताबादच्या वेशीबाहेर, उतरणीला, चिंचेखाली. चार खांब, वर पत्रे, एक भाता, एक वेल्डिंगचं मशीन, एक ऐरण. पाटी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पाटी लावली तर बिनकामाचे पण येतील." माणूस उंच, वाळका. मेंदी लावलेली दाढी डाव्या बाजूनं कायम आखूड, कारण वेल्डिंग करताना मान डावीकडं कलायची आणि ठिणग्या तिथंच पडायच्या. सदऱ्याला चाळणीसारखी भोकं. कानावर खडू.

आणि ऐरणीच्या कोपऱ्यावर जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला, काठाला पोचा आलेला, काठोकाठ पाण्यानं भरलेला. त्या पेल्यातून पाणी पिताना मी कुणाला पाहिलं नाही. नवा माणूस उन्हातून आला आणि त्यानं पेल्याला हात घातला की मिस्त्री ओरडायचे, "नक्को, नक्को. प्यायचं पाणी माठात आहे." तो पेला मोजायचा होता. मिस्त्रींनी कुठलीही वाट, कुठलंही अंगण सपाट करून दिलं की पेला भरून ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ठेवायचे आणि ट्रॅक्टर त्या जागेवरून चालवायला सांगायचे. पाणी सांडलं की पुन्हा पेटी फिरवायची. लोक हसायचे. मिस्त्री हसायचे नाहीत.

काम बघितल्याशिवाय ते लोखंड देत नसत. त्यांच्याकडं एक जुनी लुना होती. गिऱ्हाईक गेलं की दुसऱ्या दिवशी लुनावर त्याच्या शेतात हजर. पिशवीत पेला, पाण्याची बाटली आणि सुतळीचा गुंडा. शेतातून पायी फिरणार, माती चिमटीत घेऊन चोळणार, वास घेणार, मग सांगणार. कधीकधी सांगायचे, "तुम्हाला पेटी लागत नाय. दोन माणसं आणि दोन फावडी लावा, सांजपर्यंत होतं." असा माणूस धंदा कसा करायचा, मला कळलं नाही कधी.

रंगाचं त्यांना वावडं होतं. अवजाराला जळकं ऑइल चोपडून द्यायचे. वेरूळच्या रस्त्यावरचा एक धाबेवाला अडून बसला, शोरूमसारखा लाल रंग पाहिजे. मिस्त्री म्हणाले, "रंगाखाली वेल्डिंग दिसत नाय. मला माझं काम झाकायचं नाय." तो ऐकेना. तेव्हा मिस्त्री स्वतः बाजारात जाऊन लाल रंगाचा एक डबा आणि ब्रश घेऊन आले, त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "घरी नेऊन लावा. माझ्यासमोर नको."

एकदा शाळेचे एक गुरुजी आले होते, चांगले अंगापिंडानं भरलेले. पत्रा पातळ वाटतो म्हणाले. मिस्त्रींनी पेटी दोन दगडांवर आडवी टाकली. "गुरुजी, वर उभे रहा." गुरुजी राहिले. "आता उडी मारा." गुरुजींनी इकडं तिकडं बघितलं, ओळखीचं कुणी नाही अशी खात्री केली, धोतर सावरलं आणि उडी मारली. मिस्त्रींनी वाकून पत्रा बघितला. "वाकला नाय. घेऊन जा." मी तिथंच माठाजवळ उभा होतो. गुरुजींनी मला बघितलं ते उडी मारल्यावर.

आता माझं सांगतो.

मी चौथी शिकलेला माणूस. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं प्रेस मशीनवर होतो, बजाजनगरात एका खोलीत संसार केला. माझ्या बापाची सगळी हयात दुसऱ्याच्या बांधावर गेली, त्याच्या नावावर वीतभर माती नव्हती. म्हणून कंपनी सुटल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की खुलताबादच्या खालच्या अंगाला सव्वा दोन एकर घेतलं. उताराचं, मुरमाड, कुणाला नको असलेलं. लोकांनी वेड्यात काढलं. मी सीताफळ लावलं, वर घर बांधलं आणि जुना छोटा ट्रॅक्टर घेतला. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत माझी वाट तीनशे पावलांची. दर पावसाळ्यात पाणी तिच्यावरून धावायचं आणि वाटेच्या नाल्या व्हायच्या. आम्ही पायी चालणारी माणसं, आम्हाला त्याचं काही नव्हतं.

मग एक दिवस बायको हौदापाशी घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. शहरात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, बारा दिवसांनी घरी न्या, पण गाडीत दणका बसता कामा नये. आत बसवलेलं हललं तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल, आणि या वयात दुसऱ्यांदा मी हमी देत नाही.

पोरीची खोली दुसऱ्या मजल्यावर, तिथं जिना. मी बायकोला म्हणालो, डांबरीवर गाडी थांबवू आणि बाजेवर उचलून चौघं घरापर्यंत नेऊ. ती खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार. आत्ता नाय. मला माझ्या दारात बसून जाऊ द्या." तिच्यापुढं माझं कधी चाललं नाही, ते त्या दिवशी कुठं चालणार होतं. जेसीबीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, महिना लागेल. तेव्हा मी ठरवलं की पेटी घ्यायची आणि वाट स्वतः करायची. आणि चिंचेखाली गेलो.

मिस्त्रींनी लांबूनच हात वर केला. "जय भीम, भाऊ." मी म्हणालो, "सलाम मिस्त्री." बसून सगळं सांगितलं. दुसऱ्या सकाळी लुना माझ्या वाटेच्या तोंडाशी उभी.

त्यांनी पेला भरला आणि हातात धरून डांबरीपासून चालायला सुरुवात केली. मी मागून. तीनशे पावलं झाली, दार आलं, तेव्हा त्यांनी पेला उलटा केला. एक थेंब पडला.

"भाभी इथून येणार?"

"व्हय."

मग त्यांनी सुतळीनं माझ्या ट्रॅक्टरची मागची चाकं मोजली, एका चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. पावणेचार फूट भरली. पुढच्या अंगाला जाऊन ट्रॅक्टर दोन्ही हातांनी उचलल्यासारखा करून बघितला. मग म्हणाले, "चार फुटी पेटी. पत्रा हलका. चार दात, पिनांवर वर-खाली होणारे. पातं बोल्टांचं, एक बाजू झिजली की उलटं करता येईल असं. बस."

मी म्हणालो, मला साडेपाच फुटी पाहिजे, जाड पत्र्याची, एकदा ओढली की वाट झाली पाहिजे. ते म्हणाले, पेटीनं चाकांचा माग पुसला पाहिजे, रुंदी तेवढीच, जास्तीची रुंदी ट्रॅक्टरच्या जिवावर. मी म्हणालो, मुरमात हलकी पेटी नुसती उड्या मारते. ते म्हणाले, "मारू द्या. वर मुरमाची गोणी टाका, बसेल गप. हलकं घेतलं तर वजन टाकता येतं. जड घेतलं तर लोखंड काढून कुठं ठेवणार?"

मला ते गोणीचं ऐकून राग आला. मी काय गोण्या ठेवून काम करणारा माणूस आहे का. म्हणालो, "तीस वर्षं मी प्रेसवर पत्रा दाबलाय. मला लोखंड शिकवू नका."

"लोखंड तुम्हाला येतं, भाऊ. ट्रॅक्टर नाय येत."

हे खरं होतं, म्हणून लागलं. आणि मी जे बोललो ते आजही माझ्या तोंडात कडू आहे. म्हणालो, "तुमच्या हातात आता जड काम करायचा दम राहिला नाय. म्हणून हलकं गळ्यात मारता."

मिस्त्रींनी सुतळी गुंडाळली. पेला पुसून पिशवीत ठेवला. लुनाला किक मारली, लागली नाही. पुन्हा मारली, लागली नाही. मग ती ढकलत ते माझ्या त्याच नाल्या पडलेल्या वाटेनं खाली निघाले, लुना हिंदकळतेय, पिशवी हँडलवर आपटतेय. मी दारात उभा राहून बघत होतो. चार पावलं जाऊन मागून हात लावला असता तर काय झालं असतं. नाही लावला.

पाचोडच्या बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेलो. इकडून लांब पडतं, पण तिकडं मोसंबीवाल्यांचे मोठे ट्रॅक्टर, अवजारं मोठी. बाजारतळाच्या कडेला एकानं पेटी विकायला काढली होती. साडेपाच फुटी, पत्रा माझ्या अंगठ्याएवढा जाड, सहा दात. हात ठोकला तर घंटेसारखा आवाज. ती बनवलेली होती माझ्या ट्रॅक्टरच्या तिप्पट ताकदीच्या ट्रॅक्टरसाठी, आणि विकणाऱ्यानं तसं सांगितलंही. मी म्हणालो, टेम्पोत टाका.

घरी आणून लावली. हायड्रोलिकनं उचलली, पण कण्हत. सपाटीवर जरा चालली. वाटेच्या चढावर एक बाभूळ आहे, तिथं पेटी मातीनं भरली आणि माझ्या हातातलं स्टेअरिंग एकदम हलकं झालं. समोर बघतो तर पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून हातभर वर. मी क्लच दाबला. ट्रॅक्टर मागं घसरला आणि पेटी मागं जमिनीत रुतून बसली म्हणून मी वाचलो. पुढची चाकं धपकन खाली आली. मी इंजिन बंद केलं आणि उतरलो.

तरी हट्ट सोडला नाही. दोन दिवस ओढली. खाली सोडली की पेटी खोल घुसायची, ट्रॅक्टर जागीच फुरफुरायचा. वर घेतली की सगळी माती एका जागी टाकायची. दोन दिवसांनी वाटेकडं बघितलं तर ओळीनं वरवंटे मांडून ठेवल्यासारखी दिसत होती. आधी निदान नाल्यांमधून पाय टाकायला जागा तरी होती.

संध्याकाळी दवाखान्यातून पोरीचा फोन. "आप्पा, आई विचारती, वाट झाली का?"

मी म्हणालो, "झाली म्हणून सांग."

तीन दिवस उरले होते. सकाळी मी जीपनं खुलताबादला गेलो. ट्रॅक्टर नेला नाही, कोण बघेल याची लाज. मिस्त्री वखराची पास, म्हणजे त्याचं पातं, ऐरणीवर ठेवून ठोकत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाभी कधी येणार?"

"तेरवा."

त्यांनी हातोड्यानं कोपऱ्याकडं दाखवलं. तिथं चार फुटी पेटी उभी होती. हलका पत्रा, चार दात, बोल्टांचं पातं, जळकं ऑइल लावून तयार. अंगावर खडूनं उर्दूत काहीतरी लिहिलेलं.

"हे कवा केलं?"

"तुमच्याकडून आलो त्याच दिवशी धरलं."

"काय लिहिलंय?"

"मी नाव लिहीत नाय. नाव लक्षात राहतं, काम विसरतं. काम लिहितो."

"काय काम?"

"भाभीचा रस्ता."

येताना जीपमध्ये मी मनात वाक्य जुळवून आणलं होतं. मिस्त्री, त्या दिवशी मी जे बोललो, इथून सुरू होणारं. तोंड उघडलं आणि विचारलं, "पिना बारीक आहेत ना? माझ्या ट्रॅक्टरला जाड बसत नाहीत."

"बारीकच आहेत," मिस्त्री म्हणाले.

त्यांचा मुलगा शहरात रिक्षा चालवायचा. त्या दिवशी तो घरी होता. त्यानं टेम्पो ठरवला आणि तिघं मिळून पेटी माझ्याकडं आणली. वाटेचे वरवंटे मिस्त्रींनी बघितले. बांधाला टाकलेली पाचोडची पेटीही बघितली. मी वाट बघत होतो, काहीतरी बोलतील, एखादा टोमणा मारतील, म्हणजे मलाही तोंड उघडता येईल. नाही.

दोन दिवस त्यांनी मला शिकवलं. आधी दात दोन बोटं खाली घेऊन सगळी वाट उकरायची. मग दात पूर्ण वर घ्यायचे. ट्रॅक्टर आणि पेटी यांच्यामध्ये वरच्या अंगाला एक फिरवायची दांडी असते, तिला टॉपलिंक म्हणतात. ती आखूड केली की पेटी पुढं झुकते आणि खोल घेते, लांब केली की मागं रेलते आणि नुसतं सारवत जाते. "अर्धा फेरा," मिस्त्री म्हणायचे. "तुम्हाला पूर्ण फिरवायची घाई असते, भाऊ. अर्धा फेरा, आणि उतरून बघा." मी अर्धा फेरा फिरवायचो, उतरून बघायचो. जिथं मुरूम कठीण लागला आणि पेटी उड्या मारायला लागली, तिथं मी स्वतःच्या हातानं दोन गोण्या भरून पेटीवर ठेवल्या. मिस्त्री तेव्हा दुसरीकडं बघत होते. मुद्दाम बघत होते. वाट आम्ही एका अंगाला जराशी उतरती ठेवली, पाणी नालीत जावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी मडगार्डवरचा पेला काठोकाठ राहिला. मी म्हणालो, झालं. मिस्त्री म्हणाले, "भाभी काय ट्रॅक्टरवर येणार आहे?" मुलाला रिक्षा आणायला लावली. स्वतः मागच्या सीटवर बसले, मांडीवर पेला धरला, आणि डांबरीपासून घरापर्यंत आले. बाभळीपाशी सांडला. आम्ही तिथं पुन्हा पेटी फिरवली. पुन्हा बसले. दाराच्या तोंडाशी सांडला. पुन्हा फिरवली. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा पायजमा ओला होता, दाढीवर धूळ होती, आणि दोन्ही हातांत पेला असा धरला होता की मिरवणुकीतल्या नवरदेवाला लाज वाटावी. मुलगा म्हणाला, "अब्बा, आता उतरा. मला सवाऱ्या मारायच्या आहेत." मिस्त्रींनी आधी पेल्यात बघितलं. मग उतरले.

तिसऱ्या दिवशी त्याच रिक्षातून बायकोला आणलं. मागं ती आणि पोरगी, पुढं मिस्त्रींच्या मुलाशेजारी मी. डांबरी सोडून रिक्षा वळली तशी बायकोनं डोळे मिटले आणि पोरीचा हात घट्ट धरला. तिला आमची वाट पाठ होती, कुठं नाली, कुठं दगड, सगळं. रिक्षा चालत राहिली. ती डोळे मिटून बसून राहिली. मग रिक्षा थांबली. ती डोळे न उघडता म्हणाली, "का थांबले? वाट कवा सुरू होणार?"

पोरगी म्हणाली, "आई, दार आलं."

तिनं डोळे उघडले. दार बघितलं, मग मागं वळून वाट बघितली. मला म्हणाली, "तुम्ही केली?" मी म्हणालो, "मिस्त्रींनी." आयुष्यात थोड्याच वेळा मी असं दुसऱ्याचं नाव सरळ घेतलंय.

पाचोडची पेटी बांधालाच राहिली. वर्षभरानं मिस्त्री आले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्याच्यात काय ठेवता?" मी म्हणालो, "कोंबड्या. सावली बरी पडते, अंडीही तिथंच घालतात." तेव्हा मिस्त्री हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. म्हणाले, "चला. त्याला पण काम मिळालं."

त्यानंतर दर पावसाळा उघडला की ते न बोलावता यायचे. लुना खाली लावायची, पेला भरायचा, तीनशे पावलं चालायची. बायको काठी टेकत दारापर्यंत येऊन उभी राहायची. दारात पेला बघून ते सांगायचे, इथं फिरवा, तिथं फिरवा. मग चहा. बायको त्यांना भरलेला कप द्यायची आणि म्हणायची, "बघा, नाय सांडला." हे दर वर्षीचं.

शेवटच्या वर्षी ते चालत आले तेव्हा पेला अर्धा रिकामा होता. वाट मी दोनच दिवसांपूर्वी केलेली, तळहातासारखी. मिस्त्री दारात उभे राहिले. पेला त्यांच्या हातात हलत होता, ते थांबले तरी हलत होता, पाणी बोटांवरून गळत होतं. त्यांनी आधी वाटेकडं बघितलं, मग हाताकडं. म्हणाले, "रस्ता ठीक आहे, भाऊ. हात खराब झाला."

मी म्हणालो, "नाय मिस्त्री. बाभळीपाशी खड्डा आहे. मला सकाळीच दिसला होता."

आणि ट्रॅक्टर काढला. बाभळीपाशी खड्डा नव्हता. मी पेटी खाली घेतली, चार वेळा पुढं-मागं फिरवली. मिस्त्री काठावर उभे राहून बघत होते. त्यांना कळत होतं. लोखंड आणि माती यातलं त्यांना न कळणारं काही नव्हतं. तरी ते म्हणाले, "हौ. आता बरोबर झालं." आणि आत येऊन बसले. चहा त्यांनी बशीत ओतून घेतला. बायको त्या दिवशी कपाचं काही बोलली नाही.

पुढच्या श्रावणात, सकाळी, त्यांच्या मुलाचा फोन आला. "काका, अब्बा गेले. दुपारी जोहरच्या नमाजनंतर नेणार."

मी विचारलं, "वाट कशी आहे?"

"कशाची वाट, काका?"

"कब्रस्तानची."

तो म्हणाला, "पावसानं धुतलीय. पण लोक आहेत, नेतील."

आठ दिवस उघाड होती, मुरूम चालण्यासारखा होता. मी पेटी लावली. बायको दारात आली, म्हणाली, "दात वर घ्यायला विसरू नका." आठ-नऊ किलोमीटर, सगळा चढ, माझा ट्रॅक्टर चालतो बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. वाटेत चिंचेपाशी थांबलो. दुकानात कुणी नव्हतं. पेला ऐरणीवर होता, भरलेलाच, पाण्यावर कोळशाची बारीक धूळ बसलेली. तो उचलून घेतला.

कब्रस्तानच्या फाटकापासून आतपर्यंत शे-सव्वाशे पावलांची वाट. मधून पाण्यानं नाली पाडलेली, दोन ठिकाणी दगड उघडे पडलेले. कबर खोदून काढणारे दोघं उन्हात बसले होते. त्यांनी विचारलं, कोण तुम्ही. मी म्हणालो, मिस्त्रींचं गिऱ्हाईक. त्यांनी पेटीकडं बघितलं, आणि दोघांनी मिळून दगड बाजूला काढून दिले.

दात दोन बोटं खाली. उकरून घेतलं. दात वर. अर्धा फेरा, उतरून बघायचं. पुन्हा अर्धा फेरा. मुरूम कठीण लागला तिथं गोणी टाकली. मग नळाचं पाणी घेऊन पेला धुतला, भरला आणि मडगार्डवर ठेवला. पहिल्यांदा निम्मा सांडला. दुसऱ्यांदा काठावरून थोडं गेलं. तिसऱ्यांदा त्याहून कमी. मशिदीत नमाज सुरू झाली होती. कबरीवाला म्हणाला, "बस करा, चाचा. आता एवढी चांगली कुणाचीच नसते."

चौथ्यांदा एकच थेंब सांडला, पोच्याच्या बाजूनं. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

खालच्या वळणावर माणसं दिसायला लागली, पांढऱ्या टोप्या, खांदे बदलत येणारी. मी पेला पुन्हा काठोकाठ भरला, पेटी खाली घेतली आणि पाचव्यांदा फिरवली.